पेठे सरांचं अर्थिंग

पेठे सर वारले तेव्हा साताऱ्याच्या आमच्या शाळेत शोकसभा झाली. मी वाईहून मुद्दाम गेलो होतो. सरांचा एक माजी विद्यार्थी, जो आता कुठल्याशा बँकेत बडा अधिकारी आहे, म्हणाला, "सरांनी या शाळेला आवाज दिला." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर कडकडाट झाला असता. माझ्या शेजारी तातोबा बसला होता. तातोबा म्हणजे शाळेचा जुना शिपाई, आता निवृत्त. तो माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "आवाज दिला व्हय? मला वाटत हुतं, निस्ता भुंगा दिला."

आणखी तीन-चार जण बोलले. सरांची शिस्त, सरांचा व्यासंग, सरांची ध्वनिवर्धकावरची हुकमत. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. सरांनी शाळेला काय दिलं ते मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं हे मला कळतं. पण गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं.

पेठे सर वरच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवत आणि शाळेचे पर्यवेक्षकही होते. मी इतिहास शिकवायचो. बारा महिने सरांच्या अंगात बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या वरच्या खिशात इतरांच्या पेन असतं तिथे विजेचा टेस्टर. फळ्यावरची आकृती ते टेस्टरने दाखवत, पोराच्या बरगडीत टेस्टरच टोचत, आणि सही करायची वेळ आली की दुसऱ्याचं पेन मागत. ते परत देताना निबेकडे बघून "वाईट आहे" असं सांगायला विसरत नसत.

त्यांचा एक शब्द होता, अर्थिंग. विजेच्या यंत्राची एक तार जमिनीत पुरलेली असते, जादा वीज तिच्यातून मातीत उतरते, ते अर्थिंग. सरांनी ते उचलून माणसांना लावलं होतं. हेडमास्तरांना निर्णय घेता येत नाही, कारण त्यांचं अर्थिंग कच्चं. चित्रकलेचे मास्तर चिडतात, कारण त्यांना अर्थिंगच नाही. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं तरी सर चहाचा घोट घेऊन म्हणत, "मी सांगितलं होतं, त्या घराचं अर्थिंग बघा." अख्ख्या जिल्ह्यात पक्क्या अर्थिंगचा माणूस एकच होता, आणि तो आमच्या स्टाफरूममध्ये खिडकीच्या कडेला बसायचा.

त्या खिडकीत त्यांचा तांब्या असे. तांब्याचाच, घासून लख्ख केलेला, वर फुलपात्र पालथं घातलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. का, असं कुणी विचारलं तर सर पोटावर हात ठेवत आणि म्हणत, "पथ्य आहे." हे पथ्य मोठं चमत्कारिक होतं. संस्कृतचे शास्त्री त्यातलं पाणी बिनदिक्कत पीत, तेव्हा ते मोडत नसे. तातोबा रोज तो भरून ठेवी, तेव्हाही मोडत नसे. मग आमच्याकडे कांबळे बाई आल्या. आष्ट्याच्या. मराठी आणि गाणं शिकवायला नव्याने लागलेल्या. पहिल्याच आठवड्यात उकडतंय म्हणून त्यांनी खिडकी उघडली आणि मध्ये येणारा तांब्या उचलून कडेला ठेवला. सर उठले, तांब्या घेऊन बाहेर गेले, पाणी कडुलिंबाच्या बुंध्याला ओतलं, आणि रिकामा तांब्या तातोबाच्या हातात देऊन म्हणाले, "चिंच लावून घास." बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण लाल पेन थांबलं होतं.

त्याच सुमारास शाळेने ध्वनिवर्धक घेतला. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. करड्या रंगाची, आत व्हॉल्व्ह असलेली जड पेटी, दोन कर्णे, आणि उभ्या दांड्यावरचा माइक. हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि सरांनी कळ दाबली. कर्ण्यातून पहिला उमटला तो घुं. एखादा मोठा भुंगा डब्यात कोंडावा तसा, अखंड. त्याच्यावरून कुणी बोललं की बोलणं घोंगडीतून आल्यासारखं यायचं. प्रार्थना, प्रतिज्ञा, परीक्षेचं वेळापत्रक, सगळं घुंमध्ये बुडालेलं.

दुसऱ्या कुणी दुकानदाराला बोलावून पेटी दाखवली असती. पण मग सर कशाला होते? त्यांनी यंत्र ताब्यात घेतलं. डोळे मिटून कर्ण्याखाली उभे राहत, बैठकीला बसलेल्या दर्दी माणसासारखी मान हलवत आणि आम्हाला समजावत, "आवाजाचे शत्रू दोन. एक घुं, एक स्स्. घुं येतो तो भिंतीतून, म्हणजे विजेच्या तारेतून. स्स् येते ती पेटीतून." एवढं त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. पुढचं सगळं चुकलं.

पहिला संशय शाळेमागच्या पिठाच्या गिरणीवर आला. सरांनी गिरणीवाल्याला इतकं छळलं की झेंडावंदनाच्या सकाळी त्याने गिरणी बंद ठेवली. घुं होता तसाच. तेव्हा सर म्हणाले, "गिरणी एकदम बंद झाल्यामुळे तारेतला दाब वाढला." मग वीजवाल्यांची पाळी आली. मग पावसाळी ओलीची, मग उन्हाळी धुळीची. एकदा मुलींच्या बांगड्यांची. समूहगीताला उभ्या राहिलेल्या मुलींना त्यांनी बांगड्या काढून यायला लावलं. एकीच्या हातातल्या निघेनात, ती रडायला लागली, तर तिला रांगेतूनच काढलं.

शेवटी ते आपल्या लाडक्या शब्दावर आले. अर्थिंग कमी पडतंय! शाळेच्या मागे खड्डा खणला, त्यात कोळसा आणि खडेमीठ भरलं, लोखंडी पट्टी पुरली आणि तार पेटीपर्यंत आणली. घुं गेला नाही. सरांनी दुसरा खड्डा खणवला, मग तिसरा. घुं थोडा वाढला. सर खूश झाले. म्हणाले, "आता तो बाहेर पडतोय."

हे सगळं दुष्काळाच्या सालात चाललं होतं. माण-खटावकडची माणसं खडी फोडायच्या कामावर होती. शहरातसुद्धा बायका हंडे घेऊन नळाशी भांडत होत्या. आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं रांगेने बादल्या नेऊन त्या तीन खड्ड्यांत पाणी ओतत होती, कारण खड्डा सुकला की अर्थिंग जातं. तातोबाची बायको शाळेच्या हौदावर कळशी घेऊन आली तेव्हा सरांनी तिला परत पाठवलं. तातोबा मुका माणूस नव्हता. तो म्हणाला, "सर, मानसास्नी प्यायला पानी न्हाई, आन् तुमी खड्ड्याला पाजताय व्हय?"

"तुला विज्ञान कळतं का?" सर म्हणाले.

"न्हाई. तहान कळती."

सरांनी त्याला अर्थिंग नसलेल्यांच्या यादीत टाकलं आणि पोरांना म्हणाले, "चला, बादल्या हलवा."

पावसाळे आले आणि गेले. घुं कायम होता. तो गेला, निदान गेल्यासारखा वाटला, तो एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी. त्या दिवशी प्रार्थना सांगायची पाळी कांबळे बाईंची होती. आमचा चौथरा दगडी. त्यावर सरस्वतीची तसबीर ठेवलेली असे, म्हणून बाई चपला खाली काढून वर जात. इतर सगळे बुटांसकट चढत. बाई ठेंगण्या, म्हणून त्यांनी माइकचा दांडा धरून खाली केला, आणि घुं थांबला. एकदम. मैदानावर इतकी शांतता झाली की मागच्या रांगेतला खोकला ऐकू आला. बाईंनी हात काढला, घुं आला. पुन्हा लावला, गेला.

पेठे सर पळत चौथऱ्यावर चढले. मी त्यांना पळताना तेव्हाच पाहिलं. "काढू नका! बाई, हात काढू नका!" ते ओरडले. बाईंनी तशीच प्रार्थना सांगितली.

नंतर सरांनी सगळ्यांचे हात लावून पाहिले. माझ्या हाताने घुं जेमतेम कमी झाला, कारण माझ्या पायात रबरी तळव्याचे बूट होते. तातोबा अनवाणी. त्याने दांडा धरला तर घुं साफ गेला. तो आनंदाने म्हणाला, "सर, माज्या हातानं बी जातोय की!" सरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिपाई पाहुण्यांच्या शेजारी उभा राहिलेला शोभत नाही." आणि स्टाफरूममध्ये त्यांनी जाहीर केलं, "कांबळे बाईंच्या शरीराचा विद्युतरोध मुळातच कमी आहे. शास्त्रीय गोष्ट आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

तेव्हापासून शाळेत कार्यक्रम असला की बाईंनी चपला काढून चौथऱ्यावर जायचं आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत दांडा धरून उभं राहायचं. पाहुण्यांना वाटे, या बाई आपल्या सन्मानासाठी उभ्या आहेत. एका पाहुण्यांनी तर गळ्यातला हार काढून धरायला त्यांच्याकडेच दिला. एका हातात हार, दुसऱ्या हातात दांडा, अशा त्या उभ्या होत्या, आणि खाली पहिल्या रांगेत पेठे सर डोळे मिटून शांतता ऐकत होते.

"हाताला मुंग्या येतात सर," बाईंनी एकदा सांगितलं. "कधी कधी झटका बसल्यासारखं होतं."

"सवय होईल," सर म्हणाले.

बाई नोकरीत अजून कायम झालेल्या नव्हत्या. कायम करायचं की नाही हे ज्याच्या अहवालावर ठरणार तो पर्यवेक्षक म्हणजे पेठे सर. आष्ट्याला म्हातारे आईवडील होते, त्यांचं घर बाईंच्या पगारावर चालायचं. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. सरांनाही होतं. म्हणून ते कधी विनंती करत नसत. चौथऱ्यावर जाताना नुसतं बोट वाकवून म्हणत, "बाई, हात."

आणि याच हाताने हलवलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी लिंबाला ओतलं होतं. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं असेल का? मला नाही वाटत. सरांच्या डोक्यात दोन तारा कधी एकमेकींना भेटतच नसत.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन पाहुणे म्हणून आले होते. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं, मागे भिंतीवर माणसं बसलेली. भाषणानंतर मुलींचं नाटुकलं होतं. ते बाईंनी स्वतः लिहून, चाली लावून, महिनाभर घासून बसवलं होतं. मुली पडद्यामागे नऊवारी नेसून उभ्या. बाईंची जागा खरं म्हणजे तिथे. पण त्या होत्या चेअरमनसाहेबांच्या शेजारी, दांडा धरून.

चेअरमन रांगडा, मोकळा माणूस. मुलांबद्दल दोन शब्द बोलून ते उसावर आले, उसावरून उपसा सिंचनावर, आणि तिथे रमले. पडद्याच्या फटीतून एक छोटी मुलगी डोकावली. पातळ सुटलेलं, तोंडाची रंगरंगोटी रडून ओघळलेली. "बाई, ओ बाई," ती हाका मारत होती. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मानेनेच नाही म्हटलं. मुलगी हुंदके द्यायला लागली. बाईंनी दांडा सोडला आणि तिच्याकडे गेल्या.

घुं! इतके दिवस दाबून ठेवल्यासारखा तो उसळला. चेअरमन थबकले, वर कर्ण्याकडे बघून म्हणाले, "आयला, भुंगा शिरला का काय रं?" मैदान हसलं. पेठे सर ताडकन उठले, चौथऱ्यावर चढले. बाई मुलीचा काष्टा घट्ट करून वळत होत्या तोच सरांनी माइकसमोरच उभं राहून बोट वाकवलं. "बाई, हात!" ते शब्द कर्ण्यातून पार रस्त्यापर्यंत गेले.

बाई आल्या. दांड्याजवळ उभ्या राहिल्या. पण हात पदरात गुंडाळलेले. आवाज त्यांनी चढवला नाही. चढवायची गरजही नव्हती, माइक तोंडापुढेच होता.

"सर, तुमच्या तांब्याला माझा हात लागलेला चालत नाही. आणि तुमच्या माइकला माझा हात लागल्याशिवाय चालत नाही. एक काय ते ठरवा."

घुंसकट ते सगळ्या मैदानाने ऐकलं. सरांचा हात माइक झाकायला पुढे आला आणि तसाच राहिला. "कसला तांब्या?" चेअरमननी विचारलं. मागच्या भिंतीकडून एक टाळी आली, मग तिथल्याच आणखी काही. तातोबा पेटीजवळ बसला होता, त्याने गुडघ्यात तोंड घातलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. चेअरमननी थोडी वाट पाहिली. मग "असो," म्हणाले, आणि मला कशाला पायजे हा कर्णा, असं म्हणत माइक बाजूला सारून खड्या आवाजात उपसा सिंचन पुढे सुरू केलं. बाई पडद्यामागे गेल्या. नाटुकलं चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. सर रात्रभर झोपले नसावेत. ते शिस्तभंगाबद्दल बोलले, पाहुण्यांच्या अपमानाबद्दल बोलले, विज्ञानाच्या अपमानाबद्दल बोलले. तांब्याबद्दल बोलले नाहीत. हेडमास्तर पेपरवेट फिरवत होते. बाई म्हणाल्या, "मी इथून पुढं दांडा धरणार नाही. पण सर, एकदा माइकची वायर जिथं जोडलीय ते बोंडूक उघडून बघू या का?"

"ते उघडायचं नसतं," सर कडाडले. "त्याला कंपनीचं सील आहे!"

तातोबाने माइक आणला. वायरीच्या टोकाच्या पितळी बोंडकावर खरंच लाल लाखेचं सील होतं. हेडमास्तरांनी चष्मा पुसून ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "पेठे," ते म्हणाले, "हा तर आपल्या ऑफिसचा शिक्का आहे."

सर म्हणाले, "सुरक्षेसाठी मीच केलं होतं. कुणी अडाण्याने हात घालू नये म्हणून." कधी केलं होतं? यंत्र आलं त्याच दिवशी. म्हणजे इतकी वर्षं सर स्वतःच्या सीलला कंपनीचं सील समजून, नाहीतर समजल्याचं दाखवून, त्याच्यापुढे हात जोडून बसले होते. गिरणी बंद केली, पोरींच्या बांगड्या उतरवल्या, दुष्काळात मातीला पाणी पाजलं, एका बाईला खांबासारखं उभं केलं; पण ते बोंडूक उघडून आत बघितलं नाही.

तातोबाने पेन्सिल तासायच्या चाकूने लाख खरवडली आणि फिरकी सोडवली. वायरीवर बारीक तारांची एक जाळी असते, घुं आत शिरू नये म्हणून. ती जाळी टोकाशी तुटून मोकळी लोंबत होती. आम्हा सगळ्यांना दिसली. त्यात समजण्यासारखं काही नव्हतं. तुटलेलं होतं, ते जोडायचं होतं. तातोबाने तात्पुरती पीळ देऊन जोडली. पेटी लावली तर घुं निम्मा राहिला. त्या आठवड्यात हेडमास्तरांनी खड्डे बुजवायला सांगितले, पोर पडेल म्हणून. तातोबाने दोन खड्ड्यांतल्या तारा उपटल्या तसा उरलेला घुंही गेला. तीन ठिकाणी जमिनीत गेलेल्या तारा एकमेकींत भांडत होत्या, असं पुढे एका जाणत्याने मला सांगितलं. म्हणजे अर्धा घुं तुटलेल्या जाळीचा होता आणि अर्धा पेठे सरांचा.

बाईंच्या अहवालात सरांनी लिहिलं, 'ध्वनिव्यवस्थेच्या कामी असहकार.' बाईंनी तो वाचला, हसल्या आणि राजीनामा दिला. त्यांना सांगलीला लागून असलेल्या माधवनगरच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती. जाताना त्या तातोबाच्या घरी जेवून गेल्या. सरांच्या खुर्चीपाशी थांबून "येते सर," असंही म्हणाल्या. सर टेस्टरने कान कोरत होते.

मग सर बदलले का? छे. महिन्याभरात त्यांनी सांगायला सुरुवात केली की शाळेचा घुं आपण काढला. प्रथम नव्या शिक्षकांना सांगितलं, मग पालकांना, मग आम्हालाही, जे त्या खोलीत उभे होतो. सांगण्यात असा जोर असे की तातोबासुद्धा एकदा गोंधळला. उरली होती ती स्स्, व्हॉल्व्ह तापले की येणारी बारीकशी सिसकारी. बोलताना ती कुणाला जाणवतही नसे. सर तिच्यामागे लागले. भाषण चालू असताना कर्ण्याखाली जाऊन उभे राहत आणि वक्त्याला हाताने थांबवून म्हणत, "ऐकू येतेय? ती बघा."

त्यानंतर काही वर्षांनी, एका कडक उन्हाळ्यात, आम्हा दोघांना सांगलीला वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावलं. यजमान शाळा कांबळे बाईंचीच निघाली. त्यांचे केस कानाशी पांढरे झाले होते आणि सगळा कार्यक्रम त्याच चालवत होत्या. माइक साधाच होता, आवाज स्वच्छ. सरांनी संयोजकांना गाठून आपण घुं कसा काढला ते साग्रसंगीत सांगितलं. बाई शेजारीच होत्या.

"हो," त्या संयोजकांना म्हणाल्या, "मी होते ना तिथं."

सरांना वाटलं, आपल्याला दुजोरा मिळाला. ते खुलले. कर्ण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण बाई, तुमच्याकडे स्स् आहे."

"असू दे सर," बाई म्हणाल्या. "पोरांचा आवाज तिच्यावरनं येतो."

मग त्यांनी आम्हाला पाणी आणलं. स्वतः, दोन पेल्यांत. मी घेतलं. सांगलीचं ऊन डोक्यात गेलं होतं, सरांचे ओठ सुकले होते, कोटाची पाठ घामाने भिजली होती. त्यांनी पोटावर हात ठेवला. "पथ्य आहे," म्हणाले. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तो दुसरा पेला स्वतः पिऊन टाकला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

दुपारी आम्ही स्टँडवर आलो. साताऱ्याची गाडी लागलेली होती. सरांनी खिडकीची जागा धरली, तीवर रुमाल टाकला, मानाचा नारळ ठेवला. तेवढ्यात स्टँडवरच्या कर्ण्यातून सूचना सुरू झाली. बोलणारा काय म्हणत होता ते कळत होतं, मागे थोडी खरखर होती इतकंच. सर ताठ झाले. "ऐकलंत? हे लोक जनतेच्या कानांशी काय करतात!" मी म्हटलं, "सर, गाडी सुटेल." ते म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे," आणि उतरले.

चौकशीच्या खिडकीसमोर ते उभे राहिलेले मला गाडीतून दिसत होते. खिशातला टेस्टर काढून त्यांनी तो गजांतून आत खुपसला होता. आतला कंट्रोलर खाली मान घालून कसलीशी तिकिटं मोजत होता. मागे रांग वाढत होती. "आवं, सरका की!" कुणीतरी ओरडलं. कंडक्टर आला. मी त्याला सांगितलं, एक माणूस खाली आहे. त्याने खिडकीतून दोन हाका मारल्या. "ओऽ सातारा! सातारा!" सरांनी मागे न बघता डावा हात वर केला, थांब म्हणून. कंडक्टरने तो हात पाहिला, दोरी ओढली, घंटी दिली. गाडी वळली तेव्हाही सर बोलतच होते आणि कंट्रोलरने आतून खिडकीची फळी लावून घेतली होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती, आणि त्या जूनमध्ये माझी वाईला बदली झाली. त्यांना मी पाहिलं ते एवढंच शेवटचं.

साताऱ्याला उतरल्यावर रुमाल आणि नारळ घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दिवेलागण झाली होती. बाहेरूनच रेडिओ ऐकू येत होता, मोठ्याने लावलेला. जुना सेट असावा, गाण्यापेक्षा खरखर जास्त होती. पेठे काकूंनी दार उघडलं. सरांच्या घरी मी कितीदा गेलो असेन, पण काकूंना हसताना कधी पाहिलं नव्हतं. आता त्या गाण्यातली ओळ गुणगुणतच दाराशी आल्या होत्या. मला एकट्याला बघून त्या गप्प झाल्या, आणि माझ्या पाठीमागे रस्त्यावर पाहिलं.

"सर सांगलीला राहिले," मी सांगितलं. "गाडी चुकली. काळजीचं काही नाही."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. नारळ घेतला. मग विचारलं, "पुढची गाडी कधी हो?"

"आता रात्रीचीच. यायला बराच उशीर होईल."

काकूंनी मान डोलावली. नारळ कोनाड्यात ठेवला, आत गेल्या, आणि रेडिओचा आवाज आणखी थोडा वाढवला.

"बसा ना," त्या आतून म्हणाल्या. "चहा टाकते."